फर्शी, नेचा आणि चिलीम : लखनौच्या हुक्क्याची देखभाल

आलमबाग म्हटलं की आजच्या लखनौकराला आधी बस स्टँड आठवतो, मग मेट्रोचं स्टेशन, मग रेल्वेचं कॅरेज अँड वॅगन वर्कशॉप. बाग कुठेच नाही. नवाब वाजिद अली शाहने आपल्या आलम आरा बेगमेसाठी ही तटबंदीची बाग आणि कोठी उभारली होती. तिचा एक दरवाजा चंदरनगरच्या बाजारात अजून उभा आहे. २३ सप्टेंबर १८५७ रोजी हॅवलॉकच्या फौजेने ही बाग घेतली. आजारी माणसं आणि सामानसुमान इथे ठेवून दोन दिवसांनी ती वेढ्यात अडकलेल्या रेसिडेन्सीकडे गेली. नोव्हेंबरअखेरीपासून पुढच्या मार्चपर्यंत औट्रॅम सुमारे चार हजार माणसं घेऊन इथेच तळ ठोकून होता. हॅवलॉक २४ नोव्हेंबरला दिलकुशात हगवणीने मेला, त्याची कबर इथे आहे. या लढायांवर पुढे कधीतरी सविस्तर लिहीन. आज विषय वेगळा आहे.

युनिटचं नाव लिहीत नाही, नेहमीप्रमाणे. एवढं सांगतो की मी ईएमईचा माणूस. बिघडलेली वस्तू समोर आली की ती कुठे बिघडली, कोणता भाग बदलायचा, कोणता वाचवायचा, हेच माझं वीस वर्षांचं काम. लखनौत क्वार्टरची यादी लांब होती म्हणून आलमबागेत दोन खोल्या भाड्याने घेतल्या. शेजारी रेल्वे वर्कशॉपमधून निवृत्त झालेले एक फिटर राहतात. संध्याकाळी गप्पा व्हायच्या, आणि दोन दुरुस्ती करणारी माणसं भेटली की गप्पा कुठे जाणार? जुन्या वस्तू कशा टिकायच्या आणि नव्या का टिकत नाहीत, इकडेच. लखनौत या गप्पांमध्ये हुक्का यायला वेळ लागत नाही.

आधी हुक्का म्हणजे काय, ते यंत्र म्हणून सांगतो. खाली पाण्याचं भांडं, त्याला इकडे फर्शी म्हणतात. त्यात उभी बसवलेली नळी, ती पाण्यात बुडते. तिच्या डोक्यावर मातीची चिलीम, चिलमीत तंबाखू, त्यावर मातीचा पातळ तवा आणि तव्यावर निखारे किंवा कोळशाच्या भुकटीची टिकिया. पाण्याच्या पातळीच्या वर भांड्याला दुसरी नळी, ती तोंडाकडे येते. या सगळ्या नळ्यांच्या जोडणीला नैचा म्हणतात, आपल्याकडे नेचा. ओढणारी नळी लांब आणि लवचिक असली तर सटक, वेटोळी घातलेली असली तर पेचवान. तिच्या टोकाला मुहनाल, म्हणजे तोंडात धरायचा तुकडा. तो चांदीचा किंवा दगडाचा, आणि ज्याचा त्याचा वेगळा. ओढलं की भांड्यातली हवा कमी होते, वरून धूर पाण्यातून बुडबुडे काढत येतो आणि तो गुडगुड आवाज होतो. मराठीत म्हणूनच गुडगुडी. तिच्यात ओढायची गुळात मळलेली तंबाखू म्हणजे गुडाखू. आमच्या आजोबांकडे नारळाच्या करवंटीची गुडगुडी होती. अरबी-फारशीतला नार्गिले हा शब्दसुद्धा आपल्या नारिकेलापासूनच निघाला आहे.

हे यंत्र आलं कुठून? लखनौत कोणालाही विचारा, उत्तर तयार असतं: अकबराच्या दरबारातले हकीम अबुल फतह गिलानी यांनी हुक्का शोधला, धूर पाण्यातून नेला म्हणजे तो निर्मळ होतो म्हणून. गोष्ट छान आहे, पण तारखांशी जुळत नाही. हकीम अबुल फतह वारले १५८९ साली. आणि अकबरासमोर तंबाखू पहिल्यांदा ठेवली असद बेगने, १६०४ च्या सुमाराला. असद बेग विजापूरला वकिलातीवर गेला होता, तिथे त्याला तंबाखू दिसली. पोर्तुगीजांनी गोव्याच्या वाटेने आणलेलं हे पीक तोवर दक्खनेत रुळलं होतं. त्याने जडावाची चिलीम आणि लांब नळी करवून घेतली आणि बादशहापुढे ठेवली. त्याने स्वतः लिहून ठेवलंय की बादशहाने दोनचार झुरके घेतले आणि दरबारी हकिमाने विरोध केला: ज्या औषधाबद्दल आपल्या ग्रंथांत काही नाही ते बादशहाला कसं देणार? वाद झाला. अकबराने पुढे ती ओढली नाही, पण अमीर-उमरावांनी धरली. १६१७ मध्ये जहांगीराने बंदीचा हुकूम काढला. तो किती पाळला गेला हे त्यानंतरच्या चित्रांत दिसतंच, जो तो हुक्का घेऊन बसलेला.

म्हणजे मेलेल्या हकिमाच्या नावावर शोध लावला गेला. का लावला असावा, हे मला कळतं असं वाटतं. व्यसनाला वैद्याची सही लागते. वैद्याने सांगितलंय की हा धूर धुतलेला आहे, मग बायको काय बोलणार आणि मौलवी काय बोलणार! ही सही चारशे वर्षं चालली आणि अजून चालते आहे, त्याकडे पुढे येतो.

दुसरी गोष्ट मला जास्त जवळची. तंबाखू दक्खनेतून उत्तरेत आली, तशी हुक्क्याची उत्तम फर्शीही दक्खनेतूनच आली. मी उदगीर भागातला. आमच्याकडून बिदरची गाडी धरली की कमलनगर, भालकी आणि मग बिदर. रस्त्याने निम्म्या गावांत मराठी ऐकू येतं. त्या बिदरची बिदरी. लखनौच्या संग्रहालयात काळ्याकुळकुळीत धातूवर चांदीच्या वेली काढलेली फर्शी पाहिली आणि घरचं माणूस भेटल्यासारखं झालं. मग कळलं की ही बिदरची नाही, लखनौतलीच. बिदरी काम इथे नवाबांच्या काळात होत होतं, बिहारच्या पूर्णियातही होत होतं. लखनौच्या कामात अवधच्या राजचिन्हातले मासे दिसतात, आणि चांदी पृष्ठभागाच्या वर उठवलेलं एक काम असतं, त्याला जरबुलंद म्हणतात.

बिदरी हा मुळात जस्ताचा धातू आहे. सोळा भाग जस्ताला एक भाग तांबं, असं साधारण प्रमाण सांगतात. मातीच्या साच्यात ओतायचा, कानशीने घासायचा, मोरचुदाच्या पाण्याने तात्पुरता काळा करायचा म्हणजे कोरलेली रेघ चमकून दिसते. मग खाचेत चांदी ठोकायची. शेवटी बिदरच्या किल्ल्यातली जुनी माती नवसागराबरोबर पाण्यात कालवून त्यात तापलेली वस्तू बुडवायची. जस्त-तांब्याचा भाग काळा पडतो, चांदी पांढरी राहते. हा काळा रंग म्हणजे वरून दिलेला थर नाही, धातूच्याच अंगावर आलेली पापडी आहे. देखभालीच्या दृष्टीने सगळा खेळ या पापडीचा.

मेकॅनिकच्या नजरेने पाहिलं तर पहिला प्रश्न पडतो: निखाऱ्यांच्या यंत्राला जस्त कसं चालतं? जस्त ४२० अंशांच्या आसपास वितळतं. फुललेला कोळसा त्याहून कितीतरी गरम. शिवाय ओतीव जस्त ठिसूळ. दगडी फरशीवर पडलं तर पोचा येत नाही, तडा जातो. पण आखणीच अशी आहे की आग आणि फर्शी यांच्यात दीड-दोन हातांची नळी आणि पाणी. आगीशी गाठ फक्त मातीची. चिलीम मातीची, तवा मातीचा. दोन्ही फुटतात, आणि फुटावेत अशाच हिशोबाने केलेले असतात, कुंभाराकडे कवडीमोलाने मिळायचे. नळ्या बोरूच्या, म्हणजे नरकटाच्या, वरून कापड गुंडाळलेल्या. लवचिक सटकेत तारेचं वेटोळं, आणि आतून किंवा मधून भूर्जपत्राचे पट्टे, कारण ते ओल्याने कुजत नाही. या नळ्या काही महिने, फार तर एकदोन वर्षं. आणि फर्शी? ती पणजोबाकडून पणतवाकडे.

म्हणजे एकाच यंत्रात तीन आयुष्यं: रोज फुटणारं, वर्षाला बदलणारं आणि पिढ्या टिकणारं. जोड सगळे साधे खोबणीचे, ओल्या कापडाची पट्टी गुंडाळून हवाबंद केलेले. कुठेही रिबिट नाही, डाख नाही. आमच्याकडे गाडीतही हेच तत्त्व असतं, ब्रेक लायनर झिजावा म्हणजे ड्रम वाचतो. पण ब्रेक लायनर कोणी चांदीच्या मुहनालेने तोंडात धरत नाही.

आमच्या वर्कशॉपात मुझफ्फरनगरकडचे एक नायब सुभेदार साहेब आहेत. त्यांच्या गावी हुक्का अजून चौपालीवर रोज भरतो. त्यांच्याकडून मी देखभालीची सगळी रीत विचारून घेतली, वहीत लिहिली. साहेब हसत होते, म्हणाले, कोर्स करतोयस का? रीत अशी. पाणी रोज बदलायचं, शौकीन माणूस दिवसातून दोनतीनदा बदलतो. उर्दूत याला ‘हुक्का ताजा करणं’ म्हणतात आणि लखनौत हे काम शिकाऊ नोकराला आधी शिकवत. नळीचं टोक पाण्यात दोन बोटं बुडलेलं हवं. जास्त बुडलं तर छातीला ओढ बसते, कमी बुडलं तर धूर कोरडा येतो. कापड गुंडाळलेला नेचा भरण्याआधी ओला करायचा, म्हणजे कापड फुगून फटी बुजतात आणि धूरही थंड होतो. उभ्या नळीत लोखंडी गज घालून काजळी काढायची. मग परीक्षा: चिलीम काढायची, तिथे तळहात घट्ट दाबायचा आणि मुहनालेतून ओढायचं. हवा आली तर कुठेतरी गळती आहे. ओल्या बोटाने जोड चाचपत जायचं. मी इंजिनाच्या इनटेकवर व्हॅक्यूम गळती शोधतो ती याहून वेगळी नाही.

पितळी फर्शी असेल तर राखेने किंवा चिंचेने घासली की झालं, तांब्याची असेल तर आतून कल्हई. बिदरीला मात्र यातलं काहीच चालत नाही. आंबट लागलं की काळी पापडी जाते आणि खालचं राखाडी जस्त उघडं पडतं. पाणी रात्रभर राहिलं तर आत पांढरी भुकटी धरते. म्हणून मैफल संपली की रिकामी करून उलटी ठेवायची, कोरड्या फडक्याने पुसायची, आणि अधूनमधून तळहाताला चार थेंब तेल घेऊन काळ्या भागावर चोळायचं. बस्स. जास्त काही करायचं नाही, हीच बिदरीची निगा. आणि जास्त काही न करणं हे माणसाला सगळ्यात अवघड जातं.

नख्खासच्या रविवारच्या बाजारात याचा नमुना पाहिला. पथारीवर घंटेच्या आकाराची एक फर्शी होती, अगदी आरशासारखी चकचकीत, राखाडी. जवळून पाहिलं तेव्हा वेलींची चांदी दिसली. राखाडीवर चांदी, काही उठावच नाही. विकणारे चाचा अभिमानाने म्हणाले, “फौजी भाई, तीन दिवस पॉलिश केलंय.” फौजेत पितळ चमकवायच्या पॉलिशचा वास आम्हाला झोपेतही ओळखू येतो, बक्कल घासण्यात भरतीची पहिली सहा महिने गेलेली असतात. तो वास त्या फर्शीला होता. चाचांना मी काही बोललो नाही. गिऱ्हाईक चमक मागतं, त्यांनी चमक दिली. ती फर्शी पुन्हा काळी करता येते म्हणा, बिदरला अजून कारागीर आहेत, २००६ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. पण दीडशे-दोनशे वर्षांत हातांनी आलेलं काळेपण कोणी परत देणार नाही.

घंटेच्या आकारावरून एक सांगायचं राहिलं. सतराव्या शतकातल्या फर्श्या गोल असत, माठासारख्या, आणि खाली चुंबळीसारखं कडं लागे. अठराव्या शतकाच्या मध्यानंतर खालून रुंद, बसकी घंटा आली. अभ्यासक यावरून काळ ठरवतात. मला त्यातली सोय दिसते. गोल भांडं लांब सटकेच्या ओढीने कलंडतं, वरचे निखारे गालिच्यावर. घंटा कलंडत नाही. सटका लांब होत गेल्या म्हणून बुड रुंद झालं असा माझा अंदाज आहे, इतिहासकारांनी रागावू नये.

आसफ-उद्-दौलाने १७७५ मध्ये फैझाबादहून राजधानी लखनौला आणली आणि मग ऐंशी वर्षं या शहरात हुक्क्याभोवती एक वस्तीच वाढली. नेचा बांधणारे नैचाबंद वेगळे, टिकिया करणारे वेगळे, सुगंधी खमीरा तंबाखू मुरवणारे वेगळे, मुहनाल घडवणारे सोनार वेगळे. कंपनीचे गोरेही यात मागे नव्हते. जॉन वोम्बवेल नावाचा कंपनीचा हिशोबनीस इथे होता. अवधी पोशाखात, लोडाला टेकून हुक्का ओढतानाचं त्याचं चित्र प्रसिद्ध आहे. कलकत्त्यात १७७९ च्या सुमाराला वॉरन हेस्टिंग्जच्या घरच्या जेवणाच्या निमंत्रणात पाहुण्यांना विनंती असे की हुक्काबरदाराखेरीज दुसरा नोकर आणू नये. म्हणजे हुक्काबरदाराला ना म्हणायची सोय गव्हर्नर जनरललाही नव्हती! चिलीम भरणं, निखारा सांभाळणं, पाणी, सटक, सगळं त्याच्या हातात. साहेब फक्त ओढणार. देखभालीचं काम करणारा माणूस चित्राच्या कडेला उभा असतो आणि त्याचं नाव खाली लिहिलेलं नसतं, हे मी बऱ्याच चित्रांत पाहिलं.

१८५६ मध्ये अवध खालसा झालं, वाजिद अली शाह कलकत्त्याजवळ मटियाबुर्जला गेला. पुढच्या वर्षी रेसिडेन्सीच्या वेढ्यात आतल्या लोकांची तंबाखू संपली, शिपाई मिळतील ती पानं वाळवून ओढू लागले. मार्च १८५८ मध्ये शहर पडलं आणि कैसरबाग लुटली गेली. ‘टाइम्स’चा बातमीदार विल्यम हॉवर्ड रसेल तिथे होता, त्याने त्या लुटीचं वर्णन लिहून ठेवलंय. चांदीच्या वस्तू वितळल्या. बिदरीत चांदी थोडी आणि जस्त फार, वितळवून हाती काय लागणार? त्या वाचण्याचं हेही एक कारण असावं, असं मला वाटतं. टिकाऊपणा म्हणजे नेहमीच मजबुती नव्हे, कधीकधी लुटारूच्या लेखी कमी किंमत असणं पुरतं.

पण हुक्का मोडला तो लुटीने नाही. चिरूट आला, मग सिगारेट, गरिबाला बिडी. कारण सोपं आहे, हुक्क्याला बसावं लागतं, वेळ लागतो आणि एक माणूस लागतो. १८८० मध्ये विल्यम होई या अधिकाऱ्याने लखनौच्या धंद्यांची वर्णनं छापली, तेव्हा हे हुक्क्याचे धंदे अजून मोजण्याइतके जिवंत होते. आज चौकात तंबाखू मिळते, पितळी हुक्के मिळतात, प्लॅस्टिकच्या रंगीत नळ्या ढिगाने मिळतात. भूर्जपत्र घालून सटक बांधून देणारा मला चार महिन्यांत भेटला नाही. “था एक,” असं तीन ठिकाणी ऐकलं.

आता ते वैद्याच्या सहीचं. गेल्या रजेत गावी होतो तेव्हा पुण्यात शिकणारा भाचा आला होता. एकटा गाठून त्याने खिशातून एक चपटी धातूची डबी काढली. “मामा, तुम्ही एवढ्या गाड्या दुरुस्त करता, हे तेवढं चालू करून द्या ना.” ई-सिगारेट. होस्टेलमधल्या कुठल्यातरी सीनियरची, बंदीआधीची. आपल्या देशात १८ सप्टेंबर २०१९ रोजी वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षी कायदा झाला. ई-सिगारेट बनवणं, आणणं, विकणं, साठा करणं, जाहिरात करणं, सगळं बंद. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड. त्या कायद्याच्या व्याख्येत ई-हुक्का हा शब्द नावानिशी आहे. अकबराच्या दरबारातून निघालेला शब्द संसदेच्या कायद्यात जाऊन बसला.

दुरुस्त करायचं की नाही हे नंतर, उघडून पाहायला काय हरकत, म्हणून मी उघडली. हात राहत नाहीत. आतली रचना पाहून खरं सांगतो, बनवणाऱ्याचं कौतुक वाटलं. जुनी असल्याने सगळं सुटं होत होतं. अठरा मिलिमीटर जाड, पासष्ट लांब अशी लिथियमची सुटी बॅटरी, टॉर्चमध्ये असते तीच. वर आट्यांनी बसणारी टाकी, तिच्यात बारीक तारेचं वेटोळं आणि त्यातून ओवलेला कापूस. कापूस रस शोषतो, तार तापते, वाफ होते. म्हणजे चिलीम, नेचा आणि फर्शी, सगळं मुठीत मावणारं. आणि इथेही तीन आयुष्यं: कापूस-तारेचं एकदोन आठवडे, बॅटरीचं काही शे चार्जिंग, बाकी डबीचं बरीच वर्षं. कापूस जळून कोळसा झाला होता आणि बॅटरीचं वरचं वेष्टन फाटलं होतं. उघड्या पडलेल्या लिथियम बॅटरीला खिशात किल्ली लागली तर मांडी भाजते. परदेशात पुढे जी वापरून फेकायची आली, त्यांत तर काहीच सुटं होत नाही, बॅटरीसकट कचऱ्यात. इंग्लंडने २०२५ च्या जूनपासून त्यांच्या विक्रीवर बंदी घातली.

“हा धूर नाही मामा, वाफ आहे. पाण्यासारखी,” भाचा म्हणाला.

शेजारच्या खोलीत माझे वडील खाटेवर बसले होते. दोन उशा पाठीशी आणि हातात नेब्युलायझरचा मुखवटा, कारण चाळीस वर्षं बिडी आणि चिलीम. तेही वाफच घेत होते. मशीनचा घर्रर्र आवाज आम्हा दोघांनाही ऐकू येत होता. त्यांचे वडील म्हणायचे, गुडगुडी ओढा, बिडी नको, गुडगुडीतला धूर पाण्याने धुतलेला असतो. हकीम अबुल फतहचं वाक्य आमच्या वाड्यावर पोचलेलं होतं, हकिमाचं नाव तेवढं पोचलं नव्हतं. आणि पाणी धूर धूत नाही. थोडं निकोटीन अडवतं, म्हणून माणूस आणखी जोराने आणि आणखी वेळ ओढतो. कोळशाचा विषारी वायू तर पाण्यातून सरळ निघून येतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ मध्येच सांगितलंय की तासाभराच्या हुक्क्यात एका सिगारेटच्या शंभर ते दोनशे पट धूर छातीत जातो. नव्या डबीत कोळसा नाही, राख नाही, हे खरं. पण निकोटीन तेच, आणि धुतलेल्या धुराची ती सहीही तीच.

मी ती डबी दुरुस्त करून दिली नाही. करता येत नव्हती असं नाही, कापूस आणि दोन इंच तार, अर्ध्या तासाचं काम. भाच्याला तसं स्पष्ट सांगितलं. खोटं बोलून ‘पार्ट मिळत नाहीत’ म्हणालो असतो तर तो दुसऱ्याकडे गेला असता. तो रागावला, दोन दिवस बोलला नाही. बॅटरीच्या टोकांना चिकटपट्टी लावली आणि ई-कचरा घेणाऱ्याकडे दिली. माझ्या धंद्यात आम्ही काही गाड्या दुरुस्तीच्या पलीकडच्या ठरवतो. त्यात दर वेळी लोखंडच पाहिलं जातं असं नाही, दुरुस्तीला लावायची मेहनत कशासाठी लावायची हेही पाहिलं जातं.

मग मी बिदरी फर्शीवर एवढं का लिहितोय, असं कोणी म्हणेल. आलमबागच्या शेजारच्या फिटरसाहेबांनी हेच विचारलं. त्यांना म्हटलं, तोफ जपतोच ना आपण म्युझियममध्ये. ते म्हणाले, तोफेची नळी तरी आहे जागेवर, तुमच्या हुक्क्याची कुठे आहे? बरोबर बोलले. संग्रहालयांतून पाहा: फर्श्या शेकड्यांनी. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्टमध्ये तर १८५१ च्या मोठ्या प्रदर्शनातून घेतलेलं बिदरी काम आहे. पण चिलीम क्वचित, जुना नेचा त्याहून क्वचित, टिकिया नाहीच. जे टिकाऊ केलं होतं ते टिकलं आणि जे बदलायचं होतं ते बदलणारा माणूस गेल्यावर संपलं. त्यामुळे काचेमागे जे उभं असतं तो हुक्का नव्हेच, ती फक्त त्याची पाण्याची टाकी. कितीतरी घरांत तिच्यात फुलं ठेवतात किंवा वर बल्ब बसवून टेबललॅम्प करतात. एका परीने बरंच झालं.

घरात जुनी फर्शी असेल तर पॉलिश लावू नका, चिंच तर नकोच. आत पाणी ठेवू नका, फुलांसाठीसुद्धा. हौसच असेल तर आत काचेचा पेला बसवा. काळा भाग फिका वाटला तर खोबरेल किंवा शेंगदाण्याचं तेल अगदी थोडं, हातानेच, आणि मऊ फडक्याने पुसून घ्या. चांदी निघू लागली असेल तर डिंकाने चिकटवत बसू नका, बिदरला घेऊन जा. पितळीची आतून कल्हई गेली असेल तर तो कल्हईवाला दारावर येणं बंद व्हायच्या आत करून घ्या.

आणि लातूर, नांदेड, बिदर, गुलबर्गा या बाजूला कोणाच्या माळ्यावर कापड गुंडाळलेला जुना नेचा किंवा सटक पडली असेल, तर ती फेकू नका. टोकाला कापड उसवलेलं असेल तर आत पाहा, कागदासारखे तांबूस पापुद्रे दिसतात का. दिसले तर मला कळवा. डिसेंबरात रजा आहे, मी येऊन पाहून जाईन.